खाडे आणि खेटे

आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर टांगलेलं असतं. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, चतुर्थी-एकादशी आणि कामाच्या मावशींचे खाडे, सगळं त्याच्यावर. खाडा झाला की त्या तारखेवर निळ्या पेनाने फुली. महिन्याला दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून पैसे कापायचे, असा आमच्याकडचा जुना रिवाज. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने असंच असेल.

मागे दोन-तीन महिने फुल्या जरा जास्तच दिसायला लागल्या. मावशी तशा खाडे करणाऱ्यातल्या नव्हेत. नवरा जाऊन वर्ष झालेलं, मुलगा एमआयडीसीत कंत्राटी कामावर, चार घरची धुणीभांडी. तरी महिन्यात तिसरी फुली पडली तेव्हा मी जरा कपाळाला आठ्या घालूनच विचारलं, "मावशी, हे काय चाललंय?"

"काय सांगू ताई, कचेरीत गेलते."

"परत? परवा गेला होतात ना?"

"परवा सायब मीटिंगला गेलेले. आज सरवर बंद."

मग भांडी तशीच ठेवून आम्ही दोघी कॅलेंडरसमोर उभ्या राहिलो. एकेका फुलीवर बोट ठेवत मावशी सांगत गेल्या आणि मी गप्प होत गेले. संजय गांधी निराधार योजनेतून विधवांना महिना दीड हजार रुपये मिळतात, त्यासाठी त्यांची ही धावपळ चालली होती. पहिली फुली, फॉर्म आणायला गेल्या. तिथे कळलं की उत्पन्नाचा दाखला लागतो. दुसरी, तलाठी जागेवर नाहीत. तिसरी, तलाठ्यांचा कागद मिळाला, पण सेतू केंद्रातला सर्व्हर बंद. चौथी, सर्व्हर चालू, पण ओटीपी गेला मुलाच्या मोबाइलवर आणि मुलाचा मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा. पाचवी, अर्ज एकदाचा गेला. सहावी, दाखला घ्यायला गेल्या तर सही व्हायची होती. सातवी, दाखला हातात आला, तो घेऊन खिडकीपाशी गेल्या तर "आधारवर नाव वेगळं आहे, रेशनकार्डावर वेगळं, प्रतिज्ञापत्र आणा." आठवी, प्रतिज्ञापत्र नेलं तर नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स चालणार नाही, मूळ दाखवा.

आठ फुल्या, आठ खेटे. एवढे दिवस मी खाडे मोजत होते. खेटे मात्र कुणीच मोजत नव्हतं. आम्ही घरवाल्याही नाही आणि ती कचेरीही नाही.

मैत्रिणींनो, सरकारी कारभार सुधारायचा म्हणजे काय करायचं, यावर मोठमोठे अहवाल निघतात. संगणक घ्या, पोर्टल काढा, ॲप काढा, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. सगळं बरोबरच आहे. पण माझ्या मते या सगळ्याच्या आधी एक साधा आकडा प्रत्येक कचेरीने दर महिन्याला फळ्यावर लिहायला हवा. एका माणसाला एका कामासाठी किती वेळा यावं लागलं? अर्ज किती आले आणि किती निकाली निघाले हे कचेऱ्या मोजतातच. पण 'कागद अपुरे' म्हणून परत पाठवलेली बाई त्या हिशेबात कुठेच येत नाही. तिचा अर्ज घेतलेलाच नसतो, मग तो प्रलंबित कसा दिसणार? वहीत सगळं चकाचक आणि बाई उन्हात.

आणि हे खेटे घालणारं माणूस बहुतेक वेळा बाईच असते, हे तुमच्या लक्षात आलंय का? रेशनकार्डात नातवाचं नाव घालायचं, मुलीच्या शिष्यवृत्तीला दाखला काढायचा, सासूबाईंची पेन्शन अडलीय, पाण्याचं बिल चुकीचं आलंय. पुरुष माणूस 'माझा रोज बुडेल' म्हणतो. बाईचा रोज बुडत नाही असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. मावशींचा हिशेब ऐका. काही घरांनी पैसे कापले (त्यात मीही एक, कबूल करते), वर रिक्षा, झेरॉक्स, फॉर्म, प्रतिज्ञापत्र. सगळं मिळून अठराशे रुपये गेले. दीड हजारांची मदत सुरू व्हायच्या आधीच त्या बाईने अठराशे रुपये खर्चून टाकले होते.

त्यातून नावाचा घोळ हा तर खास आपल्या वाट्याला आलेला. पुरुष जन्माला येतो त्या नावाने मरतो. आपलं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं रेशनकार्डावर, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं तिसरंच, आणि बँकेच्या पासबुकात जागा पुरली नाही म्हणून अर्धं. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी चार बायका! कागदाच्या जमान्यात एखादा जाणता कारकून चष्म्यावरून बघून म्हणायचा, "असू दे, कळतंय." संगणकाला कळत नाही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की तो लाल रंगात 'जुळत नाही' म्हणून मोकळा. म्हणजे यंत्र आणताना बायकांची नावं बदलतात ही आपल्याकडची रोजची गोष्ट कुणी तरी लक्षात घ्यायला हवी होती की नको? आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहायचं, असा चांगला निर्णय आपल्या राज्याने घेतलाय. आईचं नाव कागदावर आलं याचा आनंद आहेच. पण त्या आईचं स्वतःचं नाव सगळीकडे एकसारखं लागावं, याचीही एकदा सोय करा.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही, उलट आहे ते नीट वापरा एवढंच म्हणणं आहे. आठवा, पासपोर्ट काढणं पूर्वी काय दिव्य होतं. आता पासपोर्ट सेवा केंद्रात वेळ ठरवून जायचं, टोकन घ्यायचं, फोटो तिथेच काढतात, ए, बी, सी अशा तीन खिडक्या झाल्या की बाहेर. पुढे काय झालं ते मोबाइलवर कळतं. सातबाऱ्याचंही तसंच. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात दिवस काढलेल्या माझ्या सासऱ्यांना मी तो मोबाइलवर दाखवला, तेव्हा त्यांनी दोनदा डोळे पुसून वाचला. म्हणजे सरकारला जमत नाही असं नाही. जिथे मनावर घेतलं तिथे झालंय.

पण जिथे वापरणाऱ्या बाईला विचारलंच नाही, तिथे काय होतं तेही बघा. २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. पेपरात वाचून आपल्याला वाटलं असेल, 'यांना नवं काही शिकायलाच नको.' त्यांचं म्हणणं काय होतं? फोन गरम होतात, बंद पडतात, आणि पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपमध्ये माहिती भरायची ती इंग्रजीत. बाळांची वजनं-उंची वर्षानुवर्षं वहीत चोख लिहिणाऱ्या या बायका. ॲप मराठीत हवं, एवढं सांगण्यासाठी त्यांना रस्त्यावर यावं लागलं. आधी पाच-दहा सेविकांना बोलावून, समोर बसवून 'बाई, हे भरून दाखवा बरं' म्हटलं असतं, तर एका दुपारीत उलगडा झाला असता.

लाडकी बहीण योजनेत तर दोन्ही अनुभव आले, चांगलाही आणि वाईटही. २०२४ च्या जुलैमध्ये अर्ज सुरू झाले तेव्हा दाखल्यांसाठी सेतू केंद्रांवर झुंबड उडाली. मग सरकारने चटकन काही अटी सैल केल्या. अधिवासाचा दाखला नसेल तर जुनं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र चालेल म्हणून सांगितलं; पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही म्हणून सांगितलं. हे ऐकून मला आनंद झालाच, पण मनात एक प्रश्नही आला. मनात आणलं तर थोड्या दिवसांत जे कागद कमी करता येतात, ते बाकीच्या योजनांना वर्षानुवर्षं का चिकटून आहेत? रेशनकार्ड सरकारनेच दिलेलं, उत्पन्नाचा दाखलाही सरकारच देणार. एका खिडकीने दिलेला कागद दुसऱ्या खिडकीला दाखवायला मधल्या मध्ये बाईने का पळायचं?

पुढे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये याच योजनेची ई-केवायसी सुरू झाली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला आणि त्यांच्या मोबाइलवर ओटीपी. आता ज्या बाईचे वडीलही नाहीत आणि नवराही नाही, तिने काय करायचं? घटस्फोटितेने कुणाला फोन करून ओटीपी मागायचा? ओरड झाल्यावर मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा बायकांसाठी वेगळी वाट काढली. काढली हे चांगलंच. पण बायकांसाठीच्या योजनेचा फॉर्म बनवताना एकटी बाई आधी आठवली नाही, ती ओरड झाल्यावर आठवली. फॉर्म बनवणाऱ्या टेबलाशी एखादी एकटी बाई बसलेली असती, तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, "अहो, पण माझं काय?" लोकसहभाग म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो?

आता नवव्या खेपेची गोष्ट. तिला मी मावशींबरोबर गेले. खरं तर कापलेल्या पैशांची बोचणी होती मनात. कचेरीत पाऊल ठेवलं तर खिडकीपाशी पंचवीस-तीस माणसं. बाकडं एक. पिण्याच्या पाण्याची टाकी होती, पेला नव्हता. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बाहेर. मावशी म्हणाल्या, "म्हणून तर मी सकाळपासून पानी पीत न्हाई." कारभार सुधारण्याच्या यादीत ही किल्ली कुठे असते हो? मला वाटतं, पहिल्या पाचात यावी.

मी खिडकीतल्या बाईंना विचारलं, "लागणाऱ्या कागदांची यादी कुठे लावलीय का?" त्यांनी भिंतीकडे हात केला. फलक होता! पण त्याच्या निम्म्या भागासमोर लोखंडी कपाट आणि उरलेल्यावर कधीच्या तरी निवडणुकीची नोटीस. मी म्हटलं, "दिसत नाही हो." त्याही हसल्या. मग त्यांनी एका जुन्या परिपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर पाच ओळी लिहून दिल्या. हा कागद मूळ, याची झेरॉक्स, नाव असं असं हवं. मावशींनी पिशवी उपडी केली. पाचच्या पाच कागद पिशवीत होते! वीस मिनिटांत अर्ज दाखल झाला, पोच मिळाली. आठ खेपांत जे झालं नाही, ते पाच ओळींच्या चिठ्ठीने झालं.

परतताना रिक्षात मात्र मी खूश नव्हते. मला खिडकीतून "मॅडम, बसा ना" म्हणाले होते. मावशींना आठ वेळा "ए बाई, लाइनीत थांब" म्हणाले होते. चिठ्ठी मिळाली ती माझ्या बोलण्याला की माझ्या साडीला आणि चष्म्याला? याचं उत्तर मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे.

त्या खिडकीतल्या बाईंवर सगळा राग काढायलाही मन होत नाही. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. "दोघींचं काम मी एकटी करते, वर निवडणुकीचं काम येतं ते वेगळंच," असं त्या चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या. त्यांचंही घर असेल, त्यांच्याही घरी कुणी तरी फुल्या मारत असेल. म्हणून तर म्हणते, कुणा एकीच्या चांगुलपणावर हे सोडू नका. ती चिठ्ठी छापा. मोठ्या अक्षरांत, मराठीत, खिडकीच्या शेजारी लावा आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातात द्या. बिचारीचा त्याच त्याच प्रश्नांना उत्तरं देण्यातला निम्मा वेळ वाचेल.

आणि हे काही नवं नाही. १९८०च्या दशकात अहमदनगरला (आता अहिल्यानगर) अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. संगणक तेव्हा कचेऱ्यांत आलाच नव्हता. त्यांनी दप्तरं लावून घेतली, कुणाकडे कोणतं काम ते ठरवून दिलं, बसण्याची रचना बदलली. 'लखिना पॅटर्न' म्हणून तो महाराष्ट्रभर गाजला. पुढे पुणे विभागात चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी'चा आग्रह धरला, रोजचं काम रोज निपटायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर रात्री ओटा धुऊन झोपायचं! तुंबलेल्या मोरीवर नवी फरशी बसवून उपयोग नसतो, आधी मोरी मोकळी करावी लागते. संगणकाचंही तेच आहे. अडगळीच्या कामावर संगणक ठेवला की अडगळ तेवढी वेगाने फिरते.

कायदाही आहे आपल्या बाजूला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या ज्या सेवा त्याखाली जाहीर केल्या आहेत, त्या किती दिवसांत द्यायच्या, कुणी द्यायच्या, हे कचेरीने फलकावर लावायचं असतं. अर्ज दिला की पोच मिळायला हवी. नाकारला तर कारण लेखी द्यायला हवं. वेळेत काम झालं नाही तर तीस दिवसांच्या आत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, तिथे नाही जमलं तर दुसरं, आणि शेवटी आयोगाकडे. सबळ कारणाशिवाय टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याच वर्षी सरकारने असंही ठरवलं की बऱ्याच कामांना प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि आपणच सही केलेल्या झेरॉक्स चालतील. मावशींना सातव्या खेपेला जे आणायला सांगितलं, त्याआधी 'स्वयंघोषणापत्र चालेल का?' एवढं विचारायला हवं होतं. पण विचारणार कोण? कायदा माहीत असतो तो बहुधा शिकलेल्या घरांना, आणि खेटे पडतात ते न शिकलेल्यांना.

इथे आपलं काम सुरू होतं, मैत्रिणींनो. आपण भिशी करतो, हळदीकुंकू करतो, बचत गटाच्या सभा घेतो. त्यात महिन्यातून एकदा अर्धा तास कचेरीच्या कामांना द्यायला काय हरकत आहे? कुणाचा कोणता कागद अडलाय, कोण कुणाबरोबर जाईल, हे ठरवायचं. 'कागद अपुरे' असं तोंडी सांगितलं तर नम्रपणे म्हणायचं, "साहेब, काय अपुरं ते एवढं लिहून द्या." या एका वाक्याने बरंच काही होतं, मी पाहिलंय. जिल्ह्याच्या ठिकाणी दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी महिला लोकशाही दिन असतो, तिथे तक्रार मांडता येते. गावात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. ती नुसत्या सह्यांपुरती उरू द्यायची नाही. कुलूपबंद स्वच्छतागृह, झाकलेला फलक, मराठी नसलेलं ॲप, हे विषय तिथलेच आहेत. आणि जाता जाता आणखी एक. कामवाल्या बाईने कचेरीच्या कामाला सुट्टी घेतली तर ती खाडा धरायची नाही. सरकारने सुधारावं म्हणताना आपल्या घरापासून एवढं करायला काहीच हरकत नाही. मी मावशींचे कापलेले पैसे परत दिले. त्या घेईनात, तेव्हा आमचं छोटंसं भांडणही झालं!

मावशींचे दीड हजार काही महिन्यांनी सुरू झाले. ती पाच ओळींची चिठ्ठी त्यांनी दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये घालून घेतली. ती आता त्यांच्या वस्तीत घरोघरी फिरते.

गेल्या आठवड्यात पुन्हा एक खाडा झाला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काल काय हो?"

"शेजारच्या पोरीला घेऊन गेलते कचेरीत. तिचा बी नवरा गेलाय ना. चिठ्ठी वाचून समदे कागद घरीच लावले आन् मग नेलं."

"किती खेटे झाले?"

मावशींनी भांडं विसळता विसळता एक बोट वर केलं. "येकच, ताई."

ती फुली मी कॅलेंडरवर मारली नाही.